भिंतीवरची बी.ए.

भिंतीवर माझी बी.ए.ची पदवी चिकटवलेली होती. टांगलेली नव्हे, चिकटवलेली. मी दारातच थिजले. हातातली पिशवी खाली ठेवायचंही सुचलं नाही.

पाडवा दुसऱ्या दिवशी होता. आदल्या वर्षीच्या दुष्काळात प्यायच्या पाण्याचे वांधे, तिथं घर कोण धुणार? म्हणून सोलापुरातल्या आमच्या गिरणीमागच्या वस्तीत त्या वर्षी प्रत्येक घरानं दोन वर्षांचं उट्टं काढलं. गोधड्या, डबे, ट्रंका, सगळं अंगणात. मी दोन दिवस अक्कलकोटला आत्याकडे होते, तिचे गुडघे धरलेले म्हणून तिचं घर सारवायला. परत आले तेव्हा अप्पा अंगणात सायकल उलटी करून रॉकेलच्या फडक्यानं साखळी पुसत बसले होते. माझ्याकडं बघून हसले. "आत जा, बघ जा," म्हणाले.

मी बघितलं. चुन्याचे दोन हात दिलेली, निळीनं निळसर झालेली भिंत, देवळी, आणि देवळीच्या वर माझी पदवी. तिच्यावर विभूतीचे तीन पट्टे. खाली कुंकू, आणि कुंकवाशेजारी लालभडक बोटं उमटलेली. मला वाटलं रक्तच.

"अव्वा, हे कुणाचं रक्त?"

"अय्यो, रक्त कुटलं! हळद हाय ती," अव्वा, म्हणजे माझी आई, चुलीपासून म्हणाली. "माज्या बोटाला चुना हुता, लाल झाली."

आमच्याकडं भिंती मातीच्या. खिळा ठोकला की पोपडा सुटायचा. त्यामुळं ज्याचा मान ठेवायचा ते खळीनं चिकटवायचं, अशी रीत. देवाच्या तसबिरीचा कागद, कॅलेंडर, सगळं. आणि खळ म्हणजे साधी नव्हे. अप्पा गिरणीतल्या खळीच्या खात्यात कामाला, सुताला खळ चढवण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी लावलेला कागद फाटेल पण निघणार नाही, असं वस्तीत बोललं जायचं. अप्पांना त्याचा अभिमान होता. त्या क्षणापर्यंत मलाही होता.

परवा सकाळी मला एका सरकारी कचेरीत हजर व्हायचं होतं. कारकुनाची जागा. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, मूळ प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय रुजू करून घेणार नाही. आमच्या सात पिढ्यांत सही करणारी मी पहिली, आणि माझा तो एकुलता एक कागद भिंतीचा झाला होता.

"अप्पा! हे तुमी काय केलं?"

ते आत आले, काळे हात अंगापासून लांब धरून. "का? लई झ्याक दिसतंय की. ट्रंकंत घातलेली पदवी कुणाला दिसती?"

"परवा सायबाला दाखवायचीय ती. हीच. दुसरी नसते."

"न्हाय मिळत दुसरी?"

"महिने लागतात. तोवर जागा जाते."

अप्पांचं हसू जागच्या जागी वाळलं.

शेजारची विणकर मावशी कधी दाराशी आली होती कोण जाणे. "सायबालाच बोलवा की हितं," म्हणाली. "चहा करून घाला."

कुणी हसलं नाही. मी सुरी घेतली आणि एका कोपऱ्याखाली सरकवली. टर्रकन आवाज झाला. कोपरा फाटून माझ्या हातात. अव्वा ओल्या फडक्याकडं धावली, तशी अप्पांनी तिला अडवलं.

"पाणी लावू नगं! नाव शाईनं लिवलंय. खळ सुटंल, पण पोरीचं नावबी सुटंल."

मग ते बराच वेळ भिंतीकडं बघत राहिले. सुताकडं बघायचे तसे. बाहेर गेले, हात धुतले, खुरपं घेऊन आले आणि पदवीपासून चार बोटं लांब, कालच चुना दिलेल्या त्या भिंतीत खुरपं खुपसलं.

"अवो, उद्या पाडवा हाय!" अव्वा किंचाळली. "सणाला भिंतीला भगदाड पाडताय?"

"कागद भिंतीला सोडत न्हाय," अप्पा म्हणाले, "तर भिंतच कागदाबरुबर येऊ दे."

चारी बाजूंनी त्यांनी भिंत कोरली. मी दोन्ही हात पसरून खाली उभी. लिंपणाचा एक जाड पोपडा पदवीसकट सुटला आणि त्याच्या वजनानं मी मागं सरकले. धुतलेल्या धोतरावर पदवी पालथी घातली. अप्पांनी पत्र्याच्या पट्टीनं मागची माती खरवडायला घेतली. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत. चिमूट चिमूट माती. शेवटी पाठीवर चुन्याचा पातळ थर उरला, तो त्यांनी सोडला. "ह्याच्या म्होरं कागद हाय," म्हणाले.

पाडव्याला गुढी उभारली, आणि घरात देवळीच्या वर ते भगदाड. येणारा प्रत्येकजण बघायचा. अव्वा मान खाली घालून सगळ्यांना गूळ-कडुनिंब देत होती.

कचेरीत साहेबांनी पदवी हातात घेतली तशी टेबलभर माती सांडली. ते खुर्चीत मागं सरले. "हे काय आहे?"

"भिंत आहे, साहेब. आमच्या घरची."

"आणि हे लाल?"

"हळद. चुन्यानं लाल झाली."

त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग कागदाकडं. नाव वाचलं, शिक्क्यावर अंगठा फिरवला, फाटका कोपरा उलटून पाहिला. मग त्यांनी फाईलवर लिहिलं, 'मूळ प्रत पाहिली', आणि फडक्यानं टेबल पुसलं.

घरी आले तर अप्पा दारातच. नोकरीचं विचारतील म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात ते म्हणाले, "कागद दिला का माघारी?"

मी काढून दाखवला. त्यांनी हात धोतराला पुसले, पण कागदाला लावले नाहीत.

"आता कुटं ठिवायचा? तू सांग."

मला कॉलेजात घालताना त्यांनी मला विचारलं नव्हतं. पदवी चिकटवताना तर नाहीच. दोन दिवसांपूर्वी त्याच दारात बसला होता तेवढाच धक्का मला पुन्हा बसला.

"ट्रंकंत," मी म्हणाले.

"बरं," अप्पा म्हणाले, आणि भगदाड लिंपायला माती भिजवायला गेले.