कांताबाईंचा ड्रम आणि आमचा शुक्रवार

मी ड्रम उपडा करायला हात घातला आणि कांताबाई झाकणावर जाऊन बसल्या.

"मॅडम, आधी मला उचला."

बजाजनगरजवळच्या एका कामगार वसाहतीत मी आरोग्य सहायिका होते. तिथं डेंग्यूचे पेशंट निघाले होते आणि कांताबाईंच्या सुनेला सहावा महिना होता. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा लागतो. म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून, घासून वाळवायची. याला आम्ही ‘कोरडा दिवस’ म्हणतो. आमच्या आराखड्यात सगळ्या वसाहतीला एकच वार होता, शुक्रवार.

कांताबाईंच्या गल्लीत पाणी यायचं गुरुवारी, तेही आठवड्यातून एकदाच.

"काल भरलेलं आज वतून देऊ? मंग हप्ताभर काय प्यावं?"

मी ड्रमवरचा हात काढला. लाजही वाटली, कारण मागचे तीन शुक्रवार मी या गल्लीचा रिपोर्ट ‘सर्व भांडी कोरडी’ असा दिला होता. मी येताना दिसले की बायका भरलेले ड्रम गोधड्यांखाली झाकायच्या, हे मला त्या दिवशी कांताबाईंकडून कळलं. एका घरात तर ड्रमवर साडी पसरून देवीचा फोटो मांडला होता. मी त्याला नमस्कार करून आले होते.

आमच्या आरोग्य अधिकारी साहेबांना म्हटलं, वार बदलू. ते म्हणाले, "शुक्रवार वरून आलाय." मग पाण्याचं टाइमटेबल मागायला ग्रामपंचायतीला पत्र दिलं. उत्तर आलं की टाइमटेबल रफिकचाचांकडे आहे. चाचा म्हणजे व्हॉल्व्ह फिरवून गल्लोगल्ली पाणी सोडणारे. कुठं लिहिलंय, असं विचारल्यावर त्यांनी डोक्याला बोट लावलं.

शेवटी आरोग्य विभाग आणि ग्रामपंचायत यांची संयुक्त बैठक लावली. पहिला तास एकमेकांचे सत्कार करण्यात गेला. चाचा दाराशी उभे होते. मी त्यांना आत बोलावून खुर्ची दिली.

"साब, पानी आने के एक दिन पैले सबके ड्रम खालीच रहते," ते म्हणाले. "उसी दिन घासने कू बोलो ना."

बैठक तिथंच संपली. प्रत्येक गल्लीला तिचा कोरडा दिवस मिळाला, पाणी येण्याच्या आदल्या दिवशीचा, ड्रम तसेही रिकामे असतात तेव्हाचा. रिपोर्टात मात्र शुक्रवारच लिहायचा, या अटीवर साहेब तयार झाले.

महिन्याभरात ड्रममध्ये अळी सापडेना. तरी सुनेची सुखरूप सुटका होईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मुलगी झाली. बारशाला आम्हा सगळ्यांना बोलावणं होतं. कांताबाई शाल-नारळ घेऊन आल्या, तसे साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. शाल गेली चाचांच्या खांद्यावर. साहेबांच्या हातात घुगऱ्या पडल्या.

तेव्हापासून कुठल्याही गावाच्या आरोग्याचा आराखडा करायचा असला की मी आधी चौकशी करते, इथं व्हॉल्व्ह कोण फिरवतं.