पायाची बोटं आखडलेला अभिमन्यू

सुमनताईंची आणि माझी पहिली भेट आकुर्डीच्या कला महाविद्यालयात झाली. कलेच्या इतिहासाच्या पहिल्याच तासाला त्यांनी मला चपला काढायला लावून हातात सायकलचं चाक दिलं. "धर डोक्यावर. तू अभिमन्यू. सगळा वर्ग तुझ्यावर धावून येतोय." टारगट पोरं खरोखरच ओरडत अंगावर आली. "आता स्वतःच्या पायांकडे बघ," ताई म्हणाल्या. माझी बोटं आखडून फरशीला धरू पाहत होती. "भ्यालेला माणूस असाच उभा राहतो. जुन्या शिल्पकारांना हे ठाऊक होतं."

ताईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथासाठी समितीने लेख मागितला, तेव्हा मला आनंदच व्हायला हवा होता. पण समारंभाच्या दुसऱ्याच दिवशी ताईंच्या हृदयाची झडप बदलायची आहे. मी भीत भीतच लिहायला बसले आहे.

अभिमन्यूची शिल्पं आणि चित्रं शोधण्यात ताईंनी उमेदीची सगळी वर्षं घालवली. कुठलंही चित्र समोर आलं की त्या आधी स्वतः तसं उभं राहून बघतात, मगच त्यावर बोलतात. देवळांच्या दगडी भिंतींवर, चक्रव्यूहाच्या वेटोळ्यात सापडलेला वीतभर उंचीचा मुलगा आणि त्याची ती आखडलेली बोटं त्यांनी आम्हाला दाखवली. पुढच्या भित्तिचित्रांत तो मान वळवून मागे पाहतो. छापील कॅलेंडरांवर त्याचे गाल गुलाबी झाले, छाती फुगली. आणि आता आमच्याकडे व्यायामशाळांच्या फलकांवर तो दंड दाखवत हसतो. "आपण त्याची भीती पुसत आणली, आणि उरला नुसता पैलवान," असं ताई म्हणतात.

या ग्रंथात इतर मंडळी ताईंच्या धैर्याविषयी लिहितील. मी स्पष्टच सांगते, ताई भयंकर भित्र्या आहेत. पाल दिसली की खुर्चीवर चढतात. हायवे ओलांडताना माझा दंड असा धरतात की वळ उठतात.

पुनावळ्याच्या जुन्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला, तेव्हा तिथल्या भिंतीवरचा अभिमन्यू ऑइलपेंटखाली जाणार होता. ताईंबरोबर मी गेले. सभामंडप माणसांनी भरलेला, सगळ्यांचे आवाज चढलेले. माझी पाचावर धारण बसली.

"पोरांनी भ्यालेला वीर बघायचा व्हय ओ ताई?" विश्वस्त बबनअण्णा गरजले. "न्हाई चालायचं. झोकात पायजे."

"अण्णा, मला आत्ता इथं उभं राहायचीसुद्धा भीती वाटतेय," ताई म्हणाल्या.

"मंग आलाच कशाला?"

"दुसरं कुणी येईना."

अण्णा भिंतीपाशी गेले, अभिमन्यू जवळून बघितला. मग रंगाऱ्याला म्हणाले, "तेवढा कोपरा ऱ्हाऊ दे." तो कोपरा आजही तसाच आहे.

माझे यजमान चाकणच्या एका कारखान्यात आहेत. एकदा तिथं आग लागल्याची बातमी आली आणि त्यांचा फोन लागेना. येणारा-जाणारा मला "काही होत नाही, धीर धरा" सांगत होता. ताई रिक्षा करून आल्या, शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "मलाही फार भीती वाटतेय गं." तेव्हा कुठे मला रडता आलं. यजमान संध्याकाळी काजळीने माखून घरी परतले, तर त्यांना बघून आधी ताईच हमसून हमसून रडल्या.

परवा त्यांचा फोन आला. डॉक्टर काय म्हणाले ते त्यांनी भराभर सांगून टाकलं, आणि मग हळूच म्हणाल्या, "आत सोबत कुणाला येऊ देत नाहीत गं." मी नुसतं "हं" म्हटलं.

अशा लेखाच्या शेवटी शतायुषी व्हा म्हणायची रीत आहे. समितीने क्षमा करावी, मला आज शंभरपर्यंत नजर पोचवताच येत नाही. ताई शुद्धीवर येऊन पाणी मागतील, ती एक सकाळ मला हवी आहे. मग पुढची मागू, मग त्याच्याही पुढची. ताई, तुमचे सगळे विद्यार्थी दाराशी उभे असतील. आत जाताना खुशाल घाबरा. पण तुम्हाला बाहेर यायचंय.