मामांचं ‘आ करा’

पनवेलमध्ये कुत्र्यांना ‘अहो’ आणि माणसांना ‘अरे’ म्हणणारा एकच जनावरांचा डॉक्टर होऊन गेला, आणि ते नेमके माझ्या बायकोचे मामा निघाले. दवाखान्यात मामलेदार आला तरी त्याला, “तू बस रे तिकडे,” आणि त्याच्या पामेरियनला, “या, वर या. फार वेळ थांबावं नाही ना लागलं?” कुत्रं खरूज दाखवायला आलेलं असो की मोडकं शेपूट, मामा आधी तोंड बघत. नाक जवळ नेऊन, डोळे मिटून असा वास घेत, की आत आंबेमोहोर शिजतोय असं वाटावं. “गाठ डोळ्यांना दिसायच्या आधी नाकाला कळते,” म्हणायचे. लग्नाच्या पंगतीत ते शेजारी आले, की मी शक्यतो तोंड मिटून जेवायचो.

नव्वद सालच्या आसपास सुकापूरचा एक म्हातारा शेतकरी आपला काळा कुत्रा घेऊन आला. कुत्र्याच्या लाळेतून रक्त येत होतं.

“आ करा,” मामा म्हणाले.

कुत्र्यानं तोंड घट्ट मिटलं. म्हाताऱ्यानं मात्र पडजीभ दिसेल एवढं उघडलं.

“तुझं नाही रे, यांचं!”

कुत्र्याच्या खालच्या हिरडीवर गाठ होती. मामांनी तिचा तुकडा मुंबईला तपासायला पाठवला. कॅन्सरच निघाला.

“जबड्याचा पुढचा भाग काढावा लागेल.”

“मंग त्यो खाईल कसा?”

“तू भरवशील तसा.”

“आनि नाय कापला तर?”

“यांना दिवाळी दिसायची नाही.”

म्हातारा पुटपुटला, “तंबाखू आमी खातो, नि रोग याला?”

“म्हणून तर! ठेव ती पुडी टेबलावर.”

त्या गाठीचा तंबाखूशी काही संबंध नाही, हे मामांना पक्कं ठाऊक होतं. पुडी तरीही कचऱ्यात गेली.

ऑपरेशन पार पडलं, पण दोन दिवस कुत्रा अन्नाला शिवेना. मामांनी त्याची अहो-जाहो करून मनधरणी केली, व्यर्थ. तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्यानं मऊ भाताचा गोळा पुढे केला, “आ कर रं,” म्हणाला आणि स्वतःच आ वासून बसला. कुत्र्यानं गोळा घेतला. मी त्या दिवशी दवाखान्यातच होतो; मामांनी मला कोपरानं ढोसलं. “बघ. भरवणाऱ्याचं तोंड आपोआप उघडलं, की जनावर खातं.” पुढे तो कुत्रा चांगली दोन वर्षं जगला, एका बाजूनं जीभ लोंबकळवत, साऱ्या सुकापूरला वेडावत.

मामा अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांनीही खाणं सोडलं. एका दुपारी मी पेजेचा चमचा पुढे धरला. “मामा, आ करा.”

त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून खुदकन हसले.

“मिट रे ते तोंड,” म्हणाले, आणि पेज घेतली.