आसार

उजवा हात वर, डोळे मिटलेले. "ठहरो जी, शब्द यायलाय." टांगा थांबवावा तसं ते अख्खं कोर्ट थांबवत.

निजामाच्या अमदानीत मी गंगाखेडच्या मुन्सफ कोर्टात कारकून होतो आणि ते दुभाषी. मुन्सफ उर्दूत विचारायचे, खेड्यातली माणसं मराठीत बोलायची आणि मधे हे. मूळचे पाथरीकडचे लिंगायत. शेरवानीच्या आत गळ्यात लिंग, जिभेवर हैदराबादी अदब. पुढे राज्य गेलं, कोर्टाची जबान बदलली. दुभाष्याचं कामच उरलं नाही. ते गेले, ते मला पुन्हा दिसले नाहीत.

तुम्ही त्यांना त्या धनगरणीच्या दाव्यात पाहायला हवं होतं.

गोदावरीच्या पुरात तिचं मातीचं घर गेलं. ती मेंढरं घेऊन लेकीकडे राहिली. परतली, तर एका व्यापाऱ्यानं जागेला कुंपण घातलेलं. "इथं घर नव्हतंच," त्याचं म्हणणं.

मुन्सफांनी विचारलं, "मकान के कुछ आसार हैं?"

दुभाष्यांनी झटकन विचारलं, "मावशे, घराचं काही उरलंय का?"

"न्हाई जी. समदं गंगामायनं नेलं."

मी लिहिणार, तोच हात वर. "हुजूर, गलती मेरी. आपने आसार पूछे थे. मैं कुछ और ही पूछ बैठा."

व्यापाऱ्याचा वकील उसळला, "जवाब आ चुका, हुजूर!" मुन्सफ वैतागले. पण दुपारच्या नमाजाची सुट्टी होतच होती. तेवढी सवड त्यांनी दिली.

आवारातल्या लिंबाखाली हे डोळे मिटून बसले.

"अवशेष म्हणा की," मी म्हणालो.

"ते पुस्तकात. तिच्या कानाला कळायचं न्हाई."

"मग खुणा?"

"खूण माणूस मुद्दाम करून ठेवतो. आसार आपसूक मागं राहतात."

त्यांनी पुन्हा डोळे मिटले. वर पानं हलत होती. मला वाटलं, झोपलेच.

कोर्ट पुन्हा भरलं. शब्द काही त्यांना सापडला नव्हता. ते तिच्याजवळ गेले आणि हळू विचारलं, "मावशे, घर तितंच होतं हे तुला आता कशावरून कळतं?"

ती पहिल्यांदाच मान वर करून बोलली. "दाराम्होरं मेंढवाडा होता न्हवं? लेंड्यांनी भुई माजलीय. तितं गवत लय दाट येतं जी. समदं रान पिवळं पडलं तरी तेवढं हिरवंच."

आम्ही टांग्यानं पाहायला गेलो. पिवळ्या रानात एक हिरवागार चौकोन वाऱ्यावर डुलत होता. त्याला लागूनच उघडी जमीन, वर्षानुवर्षं सारवून इतकी घट्ट झालेली की काडीही उगवली नव्हती.

मुन्सफ पाहत राहिले. मग मला म्हणाले, "लिखिए, मकान यहीं था."

बाई त्या उघड्या भुईवर जाऊन उभी राहिली. पदर सारखा केला. "या की जी, आत या."

"क्या कहती हैं?" मुन्सफांनी विचारलं.

दुभाष्यांनी गवताच्या कडेला जोडे काढले आणि बुटक्या दारातून जावं तसे वाकून आत गेले.