नळाला बांधलेली हिरवी वायर

तुळसामावशींच्या हाताला मुंग्या येतात, ही गोष्ट घरात जुनी झाली होती. नळाला हात लावला की येतात, असं त्या सांगायच्या. सून रचना त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. शुगरच्या माणसाला असं होतं, असं म्हणून डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. गोळ्या सुरू झाल्या, मुंग्या थांबल्या नाहीत. मग मावशींनी कधीही तक्रार केली तरी रचना विचारायची, "आई, काल डब्यातला लाडू कोणी खाल्ला?" आणि विषय संपायचा.

वायरमन उत्तमनेही तो एकदा असाच संपवला होता. महिन्यापूर्वी तो त्यांच्याकडे पंखा बसवायला आलेला. मावशी म्हणाल्या, "तो नळ पण जरा बघ रे." त्याने नळाला टेस्टर लावला, पेटला नाही. "मावशी, करंट नळात नाही, तुमच्या साखरेत आहे," तो म्हणाला. रचना हसली, तोही हसला. तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. ठाण्याजवळच्या दिवा गावातल्या त्या इमारतीत पाणी येतं चार वाजता, पाऊण तास.

उत्तम पन्नाशीचा. राहायला विठ्ठलवाडीला. रोज सकाळी नौपाड्यातल्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानात जायचं आणि तिथून कामं घेऊन निघायचं, हे वीस वर्षं चाललेलं. त्याने लावलेला बोर्ड कधी तिरका नसतो. भिंत फोडली तर तो निघताना झाडू मागून घेतो आणि पडलेलं प्लास्टर स्वतः भरतो. बायका त्याला एवढ्यासाठी परत बोलावतात. त्याची बायको विनिता म्हणते, "लोकांच्या घरचा केर काढतो माझा नवरा. घरी ताटाखालचं शीत उचलत नाही."

मंगळवारी तो मावशींकडे मिक्सरचा सॉकेट बदलायला आला, तेव्हा चार वाजत होते. पाणी आलं. या भागात पाण्याला जोर नसतो, म्हणून प्रत्येक घराने पाइपला छोटी मोटर जोडलेली. सोळा घरांत सोळा मोटरी घरघरायला लागल्या. तुळसामावशी उठल्या, पदराचं टोक हाताला गुंडाळलं आणि नळ उघडला.

"पदर कशाला, मावशी?"

"तुम्ही हसा. माझा हात मला ठाऊक."

उत्तमने टेस्टर लावला. पेटला. त्याने पिशवीतून मीटर काढलं. ऐंशी व्होल्ट. मावशींची मोटर बंद करून पुन्हा बघितलं, तरी ऐंशी. म्हणजे करंट दुसऱ्या कुणाच्या तरी मोटरीतून पाइपमध्ये येत होता आणि पाइप सगळ्यांचा एकच होता. न्हाणीत ओल्या फरशीवर उभं राहून कुणी तोच नळ धरला असता तर गोष्ट मुंग्यांवर राहिली नसती.

"मोटरी एकेक करून बंद करा," त्याने जिन्यात उभं राहून सांगितलं. "एकेक मिनिट फक्त."

"पाण्याच्या वेळेला? आधी वरच्यांच्या करा."

"आमची नवीन आहे. गॅरंटीत आहे. आमची कशी असेल?"

रचना पदर खोचून पुढे झाली आणि दारं वाजवायला लागली. अकराव्या दारावर सापडली. पहिल्या मजल्यावर, सोसायटीचा सेक्रेटरी प्रफुल्ल याच्या घरातली. ती बंद केली की मीटर शून्यावर, चालू केली की ऐंशीवर.

"सेक्रेटरीच निघाला," कुणीतरी वरून म्हणालं.

प्रफुल्लचा चेहरा उतरला. "मला काय माहीत? आजच फेकून देतो," म्हणत त्याने पानाही स्वतःच आणला आणि मोटर सोडवून काढली.

वर मावशींनी पदर सोडून नळाला बोट लावलं, मग सगळा पंजा. "बघ गं," त्या रचनाला म्हणाल्या, "चार महिने फुकट गोळ्या गिळल्या." रचनाने आलं घालून चहा टाकला आणि पहिला कप सासूला दिला.

काम तिथेच संपलं असतं. उत्तमच्या हातात चहाचा कप होता, सगळे त्याला शाबासकी देत होते, आणि तो खिडकीतून गेटजवळच्या पाइपकडे बघत होता.

या इमारतीची वायरिंग पंधरा वर्षांपूर्वी त्यानेच केलेली. सॉकेटच्या तिसऱ्या भोकातून एक हिरवी वायर निघते. ती अर्थिंगची. तिचं काम एकच, कुठे करंट फुटला तर त्याला जमिनीत नेऊन सोडायचं. त्यासाठी जमिनीत खोल खड्डा करून त्यात कोळसा, मीठ आणि धातूची पट्टी पुरावी लागते. बिल्डरला घाई होती. तो म्हणालेला, "पाण्याचा पाइप लोखंडी आहे, जमिनीतच जातोय. बांध त्याला." तेव्हा सगळेच बांधायचे. उत्तमने सोळा घरांतली हिरवी वायर पाइपला बांधली, नीट, क्लॅम्प लावून. दोन वर्षांपूर्वी गेटजवळ खालचा पाइप गंजला आणि प्लंबरने तिथे प्लास्टिकचा टाकला. त्याला वायरीशी काय घेणं? तेव्हापासून वरचा लोखंडी पाइप जमिनीपासून तुटून अधांतरी होता. करंटला जायला वाट नव्हती, माणूस सोडून. गेटजवळचा तो पांढरा पाइप उत्तमने महिन्यापूर्वीही बघितला होता.

त्याने कप खाली ठेवला. "मोटर निघाली म्हणजे झालं नाही. उद्या कुणाचा गीझर बिघडला तरी हेच होणार. अर्थिंगच नाहीये बिल्डिंगला. ते होईपर्यंत मोटरी, गीझर, सगळं बंद ठेवा."

"अर्थिंग नाही?" प्रफुल्ल दारातून आत आला. "वायरिंग केली कोणी होती?"

"मी."

मग प्रफुल्लने सुरुवात केली. "वा, उत्तमशेठ. अर्धा तास माझ्या मोटरीला चोर ठरवलंत, आणि चोर इथे चहा पितोय."

"आणि मागच्या वेळी करंट आईंच्या साखरेत आहे म्हणालात," रचना म्हणाली. हे तिने हळू म्हटलं, पण उत्तमला तेच लागलं.

विनिताला त्याने घरी गेल्या गेल्या सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"मोटर सापडली होती ना? मग तोंड कशाला उघडलंत?"

"दुसरी बिघडली असती तर?"

"तर दुसरा वायरमन गेला असता." तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली. "दुकानातून फोन आलेला. चार दिवस येऊ नका म्हणाले. त्या सेक्रेटरीने तिथे कळवलंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पहार आणि फावडं घेऊन दिव्याला गेला. मीटरच्या खोलीमागे मोकळी जमीन होती. तिथे सहा फूट खड्डा करून, पट्टी पुरून, जाड वायर वरच्या लोखंडी पाइपला जोडली की निदान नळाची भीती संपणार होती. प्रफुल्लने गॅलरीतून बघितलं. "खणा खणा. उद्या दुसरा माणूस आणतोय. तो सांगेल खड्डा लागतो की नाही."

चार वाजता पाणी आलं. खड्डा दोन फूट झाला होता. वर एक मोटर सुरू झाली, मग दुसरी, मग मोजता येईनात.

रचना दोन बादल्या घेऊन खाली आली आणि गेटजवळच्या प्लास्टिकच्या नळाखाली एक लावली.

"आई मोटर लावू देत नाहीत. स्विचपाशी खुर्ची टाकून बसल्यात," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "दोन जिने आहेत. कंबर राहायची नाही माझी."

"परवापर्यंत होईल."

"आणि बाकीचे लावून बसलेत ते?"

उत्तमने पहार टेकवली. "या वेळी कुणी आंघोळीला गेलं असेल तर नळाला हात लावू नका, तेवढं सांगा. पोरंबिरं."

"मी कुणाकुणाच्या न्हाणीत डोकावू?"

तिने बादल्या उचलल्या आणि वर गेली. पहिल्या मजल्यावर बादल्या टेकवल्याचा आवाज आला, मग दार वाजवल्याचा. उत्तम खणायचं थांबून ऐकत राहिला. दार उघडलं. रचना काहीतरी म्हणाली, आतून कुणीतरी मोठ्याने उत्तर दिलं. मोटरींच्या घरघरीत शब्द कळले नाहीत. दार लागलं. बादल्या पुन्हा उचलल्या गेल्या आणि ती पुढच्या दारापाशी थांबली.

पाणी जायला अजून अर्धा तास होता. त्याने पहार उचलली.