नागपंचमीचा धागा

गणित शिकवणारी सुचिता साडी खोचून चिखलात उतरते, हे तिच्या सोसायटीत कुणाला खरं वाटलं नसतं. द्रोणागिरीजवळच्या पाणथळीत मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. पाणकणसाची, त्या उंच पाणगवताची, वाढ समीकरणात बसते, असा तिचा हट्ट. पात बुडातून वाढते. पाण्यालगत बांधलेला धागा तिच्याबरोबर वर चढतो. तो किती चढला, एवढंच मोजत राहायचं. समीकरणातली रेघ तिनं आधीच काढून ठेवली होती : सुरुवातीला सावकाश, भर पावसात झपाट्यानं, दसऱ्याच्या सुमाराला थबकलेली.

शहाण्णव साली मृग लागताच तिनं लाल धागे बांधले आणि पाय मोडून घेतला. प्लास्टर निघालं दसऱ्यानंतर. मधली सगळी मापं हुकली. प्रबंधाचं शेवटचं वर्ष होतं. निदान आपले धागे तरी बघू, म्हणून ती आली, तर अख्खी पाणथळ लाल!

"पुतळाबाय, हे कुणी बांधले?"

"आमीच की!" गवताचा भारा टाकत गावातली पुतळा म्हणाली. "एवडी शिकल्याली बाय चिखलात धागा बांदते, म्हंजे देवीच हाय हितं. गावानं नवस केलं."

"अहो, नवस कसला? मापाचे धागे होते ते!"

"मंग माज्या सुनंला दिवस कसं गेलं?"

सुचिता बांधावर बसली. "माझे कुठले, तुमचे कुठले, कसं ओळखू आता?"

"रडतेस कनाला? ह्यो माजा, नागपंचमीचा. तुज्यावानीच पान्यालगत बांदलेला. बग, छातीशी आला. देवी नवस उचलते!"

सुचितानं डोळे पुसले. "नागपंचमीचाच? नक्की?"

"नवसाचा दिवस कुनी इसरतं का गो?"

पुतळानं हाका मारून बाया जमवल्या. नारळी पुनवेचा शालनचा धागा कमरेशी. गौरींचे गुडघ्याशी. घटस्थापनेचे पाण्यालगतच. आणि सगळ्यांच्या वर, डोक्याच्याही वर, मृगाचे तिचे स्वतःचे.

तिनं पिशवीतून रेघेचा कागद काढला. सण म्हणजे तारीख, धाग्याची उंची म्हणजे तेव्हापासूनची वाढ; एकेक सण, एकेक ठिपका. हुकलेला पावसाळा ठिपक्याठिपक्यानं रेघेला येऊन बिलगला. खाडीवरून वारा सुटला, पाती एकदम वाकली आणि सणांच्या उतरंडीनं लाल धागे हलले. बायांनी आपसूक हात जोडले. कागद काखेत धरून सुचितानंही.

"बाय," पुतळानं हळूच विचारलं, "तुजा नवस काय व्हता?"

"हाच."

"मंग फेड की! नारळ आन उद्या."

तिनं आणला.