सुरयांचं बेट आणि भाचीचं शूटिंग

पक्ष्यांचा नाद मला शुगरमुळे लागला. औंढ्यात माझं औषधांचं दुकान आहे. जन्मभर दुसऱ्यांना गोळ्या देणाऱ्या माणसाला एक दिवस स्वतःच्याच दुकानातून गोळ्या घ्याव्या लागल्या, आणि वर डॉक्टरांनी रोज पायी फिरायला सांगितलं. पण आमच्याकडे रस्त्यानं उगाच चालणं सोपं नाही. येणारी प्रत्येक मोटारसायकल थांबते. गाडी बंद पडली का, घरी काही झालं का, बसा, सोडतो. नको म्हटलं की समोरच्याला वाईट वाटतं. कितीतरी वेळा मी घरून निघून, नको नको म्हणत, कुणाच्या तरी मागे बसून घरीच परत आलेलो आहे. मग मेव्हण्याकडे पडून असलेली एक दुर्बीण मागून आणली आणि गळ्यात अडकवली. त्या दिवसापासून कोणी थांबेना. लोकांना वाटायचं, हा सरकारी मोजणीला आलेला दिसतो. सरकारी माणसाला गाडीवर घ्यायची कोणाला हौस नसते.

गळ्यात दुर्बीण आहे म्हटल्यावर ती कधीतरी डोळ्याला लावावीच लागते. लावली, आणि तारेवरचा खंड्या एवढा मोठा आणि एवढा निळा दिसला की मी रस्त्यातच उभा राहिलो. चालणं तिथंच संपलं. शुगर काही फारशी उतरली नाही, पण रविवारी दुकान बायकोवर सोडून मी सिद्धेश्वरच्या धरणाकडे जायला लागलो.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरलं की मधोमध एक लहानसं बेट उघडं पडतं. नुसता गोटे-वाळूचा उंचवटा, झाड नाही की झुडूप नाही. त्यावर नदी सुरय नावाचे पक्षी अंडी घालतात. अंग राखाडी, डोक्यावर काळी टोपी, चोच पिवळीधमक, शेपूट कात्रीसारखी. घरटं म्हणाल तर वाळूत एक खळगा, बस्. अंडी गोट्यांच्या रंगाची, पाय पडला तरी कळणार नाही अशी. तिथं जाळी वाळत घालणारे एक मासेमार चाचा होते. त्यांना मी विनंती केली की दोन महिने जाळी काठावरच वाळवा. चाचांनी विचार केला आणि त्या बदल्यात गुडघ्याचं मलम मागितलं. तेवढ्यावर आमचा करार झाला. मी स्वतःला त्या बेटाचा राखणदार समजायला लागलो आणि एका संध्याकाळी कौतुकानं बेटाचा फोटो व्हॉट्सॲपच्या स्टेटसला टाकला.

दुसऱ्याच दिवशी ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, शिरड शहापूरला असते. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, नवरा मुलगा पुण्यात कंपनीत. लग्नाआधी दोघांचं व्हिडिओ शूटिंग करायचं होतं. त्यासाठी भाचीनं गोवा मागितला होता, ताईनं औंढ्याच्या देवळामागची बाग सुचवली होती, आणि त्यावरून घरात अबोला चालला होता. तेवढ्यात माझं स्टेटस दिसलं. मायलेकी एका झटक्यात एक झाल्या. आपल्याच तालुक्यात असं बेट असताना गोव्याला कशाला जायचं?

मी समजावून पाहिलं. तिथं पाखरं अंड्यावर आहेत, माणसं उतरली तर ती उडतील, आणि त्या उन्हात आईबाप थोडा वेळ जरी हटले तरी अंडी उकडून निघतील. ताईनं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "पोरीला मांडवात कोण आणणार हाय? तू, का पाखरं?"

मांडवात आणायचा मान मामाचाच, तेव्हा होकार द्यावा लागला. मी एवढंच कबूल करून घेतलं की कोणी बेटावर उतरायचं नाही, होडी लांबूनच फिरवायची.

ठरल्या दिवशी उन्हं उतरायच्या सुमाराला सगळे काठावर जमले. भाचीच्या अंगात लाल गाऊन होता. त्याचा मागचा घोळ एवढा लांब की ती होडीत बसली तरी घोळ अजून काठावरच होता. होणारे जावई पांढऱ्या सुटात, काळा गॉगल लावून. हिंगोलीहून आलेल्या फोटोग्राफरजवळ ड्रोन होता. चाचांनी या सगळ्याकडे एकदा पाहिलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं की एवढा कपडा पाण्यात पडला तर आधी पोरीला ओढायचं का कपड्याला.

चाचांनी आम्हा चौघांना घेऊन होडी सोडली. जावयांनी दोन्ही हातांनी होडीची कड धरली ती सोडेनात. फोटोग्राफर सांगत होता, हात सोडा, वहिनींच्या खांद्यावर ठेवा, लांब बघून हसा. जावई लांब बघत होते, पण हसत नव्हते. त्यांना पाण्याची भीती होती आणि हे त्यांनी सासरी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

बेट अजून लांब होतं. पण फोटोग्राफरचं समाधान होईना. त्यानं ड्रोन सोडला आणि तो घोंघावत थेट बेटाकडे नेला. मी थांबवेपर्यंत उशीर झाला होता. सगळे सुरय एकदम उठले. आधी त्यांनी ड्रोनला घेरलं. फोटोग्राफर घाबरून तो परत आणायला लागला, आणि ड्रोनच्या मागोमाग पाखरांची ती सगळी वरात आमच्या होडीवर आली. किंचाळत खाली झेपावायची, डोक्याला वारा लागेल इतक्या जवळून वळायची, पुन्हा यायची. जावयांचा गॉगल पाण्यात गेला. एका पाखरानं त्यांच्या पांढऱ्या सुटावर जे करायचं ते केलं. मी दुर्बीण छातीशी धरून खाली वाकलो. चाचा आपली टोपी सावरत शांतपणे वल्हं मारत होते.

होडी मागे हटली तसे पक्षीही परतले. भाची रडेल असं मला वाटलं होतं. तिनं हात पुढे केला आणि दुर्बीण मागितली. बराच वेळ ती बघत राहिली. मग म्हणाली, "मामा, ते एक पाखरू पाण्यात पोट बुडवून परत जाऊन काहून उभं राहून राहिलं?"

मी सांगितलं की ते ओल्या पोटानं अंडी गार करतं आणि अंगाची सावली धरतं. वाळू तापलेली असते ना.

"दोघंबी करतात?"

"दोघंबी. पाळीपाळीनं."

तिनं दुर्बीण खाली घेतली आणि होणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं. ते रुमालानं सूट पुसत होते. तिनं फोटोग्राफरला सांगितलं की इथं शूटिंग नको, परत चला. फोटोग्राफर काही बोलणार, त्याआधीच जावई बोलले. त्या प्रवासातलं त्यांचं ते पहिलंच वाक्य होतं. "बरोबर आहे. निसर्गाचं रक्षण सगळ्यात महत्त्वाचं. ताबडतोब परत चला." इतक्या कळकळीनं निसर्गाची बाजू घेणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

शूटिंग शेवटी काठावरच्या टरबुजाच्या वाडीत झालं. गाऊनचा घोळ वेलीत अडकला, तो सोडवायला वाडीवाल्याची बायको आली आणि तीही व्हिडिओत आली. लग्नात मोठ्या पडद्यावर तो व्हिडिओ दाखवला. फोटोग्राफरनं होडीतला भाग काढला नव्हता. पाखरं जावयावर झेपावतात आणि मागे मी दुर्बीण कवटाळून बसलोय, यावर सगळा मांडव हसला. जावईही हसले.

आता खरी पंचाईत पुढे झाली. महिना संपायच्या आत आणखी दोन जोडपी चाचांकडे आली, आम्हालाही ते पाखरांवालं शूटिंग करायचंय म्हणून. मी धसका घेतला, पण चाचांनी परस्पर वाट काढली. त्या बेटावरची पाखरं नवरदेवाच्या डोक्यावरून फिरली तर मोठा अपशकुन असतो, असं ते गंभीर चेहऱ्यानं प्रत्येकाला सांगायला लागले. जोडपी औंढ्याच्या बागेकडे वळली. बेट वाचलं. पिल्लं मोठी झाली, पाण्याच्या काठानं पळायला लागली.

पण ती बातमी फिरत फिरत शिरड शहापूरला ताईच्या कानावर गेली. आपल्या जावयावरून तर पाखरांचा थवाच्या थवा फिरला होता, तोही व्हिडिओत. ताईनं मला फोनवर जे ऐकवलं ते इथं लिहिता येण्यासारखं नाही. मी चाचांना गाडीवर बसवून तिच्या दारात नेलं. चाचांनी हात जोडून सांगितलं, "आपा, वो मैंने मन से बनाई बात हाय. अपशकुन-बिपशकुन काय न्हाई. पाखरं वाचवायसाठी मी बोललो." ताईनं दोघांना चहा दिला, माझ्या चहात मात्र मुद्दाम साखर घातली नाही. मला तशीही चालत नव्हती, पण तो मुद्दा नव्हता.

भाची पुण्यात सुखात आहे. जावयांना आता पक्ष्यांची गोडी लागली आहे. रोज सकाळी बाल्कनीतून फोटो काढून पाठवतात आणि विचारतात, मामा, हा कोणता पक्षी? दररोज ते कबूतरच असतं. मी दररोज न चुकता लिहितो, कबूतर. परवा मात्र त्यांनी लिहिलं, नीट बघा मामा, आजचं जरा वेगळं वाटतंय. मी चष्मा पुसून फोटो मोठा केला, दुकानात गिऱ्हाईक उभं असताना बराच वेळ पाहिला. कबूतरच होतं. पण पायाशी दोन काटक्यांचं घरटं होतं, आणि जावयांनी त्यावर आपली छत्री उघडून ठेवली होती.